पायांना कळतं

"हललं!" सासूबाई ओरडल्या आणि चहाची गाळणी ओट्यावर तशीच टाकून बाहेर धावल्या.

सुनेने बाळाला उचललं आणि ती त्यांच्यामागे गेली. तिला काहीच जाणवलं नव्हतं. आजही नाही.

गल्ली बाहेर आलीच होती. समोरचे शिंपीकाका गळ्यात टेप अडकवून उभे होते. त्यांच्या शेजारी काकू. पलीकडचे निवृत्त मास्तर चहाचा कप घेऊन आले होते. कप काठोकाठ भरलेला होता.

"कसा होता आजचा?" मास्तरांनी विचारलं.

"बारीकच. पण खालून आला," सासूबाई म्हणाल्या.

"खालूनच येणार की हो. वरून आला तर त्याला पाऊस म्हणतात," शिंपीकाका म्हणाले. सगळे हसले.

सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी एकेका चेहऱ्यावरून नजर फिरवली, बाळाच्या डोक्यावर हात ठेवला, आणि मग म्हणाल्या, "जा आता आत." त्या असं म्हणेपर्यंत कुणी घरात जात नसे.

"सूनबाई, तुला कळलं ना गं?"

"हो आई," ती म्हणाली. खोटं बोलायला ती आता सरावली होती.

लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा शिंपीणकाकूंनीच तिला सगळं सांगितलं होतं. मोठा भूकंप झाला, त्याच्या आधी एक बारीक धक्का बसला होता. तो एकट्या सासूबाईंच्या पायांना कळला. त्या रस्त्यावर येऊन 'बाहेर या, बाहेर या' म्हणून ओरडत राहिल्या. भर दुपारची वेळ. लोकांना वाटलं, कुणाचं तरी भांडण जुंपलंय. कुणी दार उघडलं नाही. सासरे तर 'आलो, आलो' म्हणत चष्मा शोधत बसले. तेवढ्यात मोठा धक्का आला आणि भिंत त्यांच्या अंगावर पडली.

"तेव्हापासून त्यांनी हाक मारली की आम्ही बाहेर," काकू म्हणाल्या होत्या. "हातातलं काम टाकून."

नवीन होती तोवर सुनेला याचं फारसं काही वाटलं नाही. बाळ झालं आणि काळजी सुरू झाली. सासूबाई भाजीला गेल्या की घरात ती आणि बाळ. तेव्हा हललं तर? तिची झोप माहेरी चेष्टेचा विषय होती. डोक्याशी ढोल वाजवला तरी ही कूस बदलेल, असं तिचा भाऊ म्हणायचा.

तिने प्रयत्न करून पाहिले. घरात चपला घालणं सोडलं. भिंतीला तळहात लावून उभी राहिली. एकदा तर फरशीला कान लावून पडली होती, तेवढ्यात नवरा कामावरून आला.

"काय गं, जमिनीचं पोट दुखतंय का?"

"हसू नकोस. तुला कळतं का रे, हललेलं?"

नवऱ्याने बुटाची नाडी सोडायला घेतली. "आई ओरडली की कळतं."

"आणि आई नसताना?"

"एवढा विचार करू नये माणसानं."

"बातम्यांतसुद्धा कधी सांगत नाहीत."

"एवढ्यातेवढ्याची बातमी कोण देणार?"

तिने शिंपीकाकांनाही विचारलं. "आम्हाला देवानं कान दिलेत," ते सुईत दोरा ओवत म्हणाले, "पाय कशाला हवेत?" पण त्यांनी मान वर केली नाही.

मग एका सकाळी तिने नवऱ्याला सांगून टाकलं. "मी बाळाला घेऊन माहेरी जाते. कायमची. इथे सगळ्यांना कळतं, मला एकटीला नाही. मी झोपून राहीन आणि याच्या अंगावर भिंत येईल. मला नाही राहवत इथे."

नवऱ्याने आधी दाराकडे पाहिलं. "ऐक, तुला एक सांगायचं राहिलंय..." तो म्हणाला. तेवढ्यात सासूबाई त्याचा डबा घेऊन आत आल्या. त्याने डबा घेतला. "संध्याकाळी बोलू. तोवर जाऊ नकोस."

दुपारी तिने बॅग काढलीच. बाळ गादीवर झोपलं होतं. सासूबाई मागच्या दारी मटार सोलत बसल्या होत्या. ती दुपट्यांच्या घड्या घालत होती.

आधी खिडकीची काच गुणगुणली, बाटलीत माशी अडकल्यासारखी. मग पायांखालची फरशी, कुणीतरी चादर हळूच ओढावी तशी, सरकली.

विचार करायला ती थांबली नाही. बाळाला छातीशी धरलं, मागच्या दाराकडे तोंड करून "आई, बाहेर या!" म्हणून ओरडली, आणि पुढच्या दाराने रस्त्यावर आली.

"हललं! हललं!"

दारं धाडधाड उघडली. शिंपीकाका अनवाणी आले. काकूंनी त्यांचा सदरा मुठीत धरला होता. मास्तर बनियनवरच आले आणि विजेच्या खांबाला धरून उभे राहिले. कुणी विनोद केला नाही.

"मला कळलं!" ती रडत होती, हसत होती. "काकू, मला कळलं! आईंच्याही आधी!"

सासूबाई ओच्यात मटार घेऊन सावकाश दारात आल्या.

"कोण ओरडलं?"

"मी ओरडले आई. हललं."

सासूबाईंनी उंबऱ्यावर पाऊल टेकवलं, डोळे मिटले, आणि मान हलवली. "छे गं. मला कळलं नसतं का? उगाच बाळाला उन्हात आणलंस. चल आत." आणि त्या मटार सांभाळत आत निघून गेल्या.

सुनेचा चेहरा उतरला. ती मास्तरांकडे वळली. "तुम्ही तरी सांगा ना. मला भास झाला का?"

मास्तरांनी सासूबाई आत गेल्याची खात्री करून घेतली. त्यांचे ओठ पांढरे पडले होते.

"नाही पोरी," ते हळूच म्हणाले. "त्या मोठ्या भूकंपानंतर आज पहिल्यांदाच खरं हललं."