मधला श्वास

फणस पिकू लागले आणि कस्तुर पक्षी रानात परत आले. सगुणाकाकी हातातलं काम टाकून अंगणात आल्या. करवंदीच्या जाळीतून शीळ उठली, मध्येच तुटली आणि दम खाऊन पुन्हा सुरू झाली.

“काकी, हा मधला खंडच नडतोय,” पक्षीकेंद्राच्या मृण्मयीताई म्हणाल्या.

केंद्रात पिल्लं जन्मली तेव्हा त्यांना शीळ शिकवायला रानात एकही नर उरला नव्हता. काकींचे यजमान, काका, कस्तुराच्या शिळेची हुबेहूब नक्कल करायचे, म्हणून तेच पिंजऱ्यांपुढे बसले. दम्यामुळे शीळ घालताना मध्येच श्वास घ्यायचे. पिल्लांनी तोही उचलला आणि मोठी झाल्यावर ती रानात सोडली गेली. काका गेले, शीळ राहिली.

“रानातल्या माद्या या शिळेला ओ देत नाहीत. जात संपेल अशानं. आता रानातल्या नराच्या शिळेचं जुनं रेकॉर्डिंग सापडलंय, नवी पिल्लं त्यावरून शिकतील.”

“शिकवा बाई. हे असते तर हेच म्हणाले असते.” काकींनी पदर सावरला. “पण ही जुनी पाखरं येतील ना अजून?”

“येतील की. एखाददोन उन्हाळे.”

जाळीतली शीळ पुन्हा तुटली. काकींचा हात सवयीने कनवटीला गेला, दम्याचा पंप काढून द्यायला.