हौदातला हिरवा रवा

नारायणरावांनी हौदात बुडवलेला हात बाहेर काढला, तेव्हा मनगटापर्यंत हिरवा रवा चिकटला होता.

"पुसू नका, पुसू नका!" मोहनरावांनी त्यांचं मनगट धरलं, वैद्याने नाडी पाहावी तसं.

हौद अंथुर्ण्याच्या सरुबाईचा. बाजाराच्या आदल्या दिवशी ती त्यात मेथीच्या जुड्या धुवायची. नारायणराव बारामतीच्या एका हायस्कुलात शास्त्र शिकवत आणि दर रविवारी वनस्पती गोळा करत शिवारं पालथी घालत. मोहनराव त्याच शाळेत चित्रकला शिकवत. आज ते नुसते सोबतीला आले होते.

"शेवाळ आहे हो," नारायणराव म्हणाले.

"शेवाळ असं दाणेदार असतं?"

"न्हाय ओ मास्तर," सरुबाई जुडी आवळत म्हणाली. "शेवाळ बुळबुळीत. ह्यो रवा हाय. कितीबी उपसा, चार दिसांत पुन्ना हौद भरतुय. मेथीला चिकाटला की गिऱ्हाईक म्हनतं, कीड हाय."

"शेवाळच ते," नारायणरावांनी निकाल दिला.

मोहनरावांनी त्यांच्या मनगटावरचे दाणे बोटाने टिपून बाटलीत घेतले.

पुढचे तीन दिवस ते भिंगाखाली त्या दाण्यांची चित्रं काढत बसले. मूळ नाही, पान नाही, देठ नाही. आकार मोहरीहूनही लहान. चौथ्या दिवशी एका दाण्याच्या डोक्यावर खळगा दिसला आणि खळग्यात फूल.

"सर, फूल येतं तर मग शेवाळ कसं?" चित्रकलेच्या मास्तरांनी शास्त्राच्या मास्तरांना विचारलं. प्रश्न इयत्ता आठवीचा होता. तेच जास्त लागलं.

पुण्याचे एक प्राध्यापक जिल्ह्यातल्या वनस्पतींची यादी छापणार होते. नव्या नोंदीपुढे शोधकाचं नाव येणार होतं. त्या एका ओळीसाठी नारायणरावांनी सहा वर्षांत अकरा पुडकी पुण्याला धाडली होती. अकराही वेळा उत्तर एकच : 'सर्वत्र आढळते. आभार.'

मोहनरावांच्या बाटलीला मात्र वेगळं उत्तर आलं. जगातल्या अगदी लहान फुलझाडांपैकी हे एक. यादीतली ही पहिलीच नोंद. शोध कोणाला, कसा लागला ते सविस्तर कळवावं.

मुख्याध्यापक आबासाहेबांनी पेढे वाटले. नारायणरावांनी पेढा खाल्ला. कडू पेढा त्यांनी आयुष्यात प्रथमच खाल्ला.

दुपारी मोहनराव लिफाफा घेऊन आले.

"सर, उत्तर लिहिलंय. टाकण्यापूर्वी तुम्ही एकदा वाचता?"

"दुसऱ्यांची पत्रं वाचायची सवय नाही मला."

"चित्रं तेवढी माझी. बाकी जसं घडलं तसं लिहिलंय. तुमचा काही आक्षेप असला तर..."

"माझा कसला आक्षेप? मोठे व्हा."

"नाही, तुमच्यासारख्या माणसाला विचारल्याशिवाय बरं वाटत नाही."

ही नम्रता नारायणरावांना पेढ्याहून जड गेली.

घरी पद्मा कणीक मळत होती. "अहो, मोहनरावांचं नाव छापून येणार म्हणे पुस्तकात? त्यांच्या विजयमालाबाई हळदीकुंकवात सांगत होत्या."

"त्या रविवारी मीच नेलं त्याला अंथुर्ण्याला."

"मग तुम्हाला नाही का दिसलं ते?"

नारायणराव पानावरून उठले. पान अजून वाढलंही नव्हतं.

आमच्या तालुक्यात कोणाचं बरं झालं की तिसऱ्या दिवशी त्याच्यावर निनावी अर्ज जातो. बारशाला घुगऱ्या वाटतात, तितकंच हे नियमाचं. त्याचे कायदेही ठरलेले. डाव्या हाताने लिहायचं, दुसऱ्या गावच्या टपालपेटीत टाकायचं, आणि ज्याच्यावर अर्ज त्याचं नाव कधी घालायचं नाही. नावावरून हाडवैरी ओळखू येतो. नारायणरावांनी कायदे पाळले. इंदापूरला जाऊन अर्ज टाकला.

'आपणांकडे शोधक म्हणून ज्या शिक्षकाचे नाव आले आहे, त्याने सदर वनस्पती शोधलेली नाही. ती हौदाच्या मालकीणबाईंना अनेक वर्षे ठाऊक आहे. सदर गृहस्थ तिला शेवाळ म्हणत होते. ज्याला शेवाळ व फुलझाड यांतला फरक कळत नाही, त्याचे नाव छापून यादीची शोभा करू नये. अंथुर्णे येथे खात्री करावी. आपला, एक सत्यप्रेमी.'

शेवाळाची चूक मोहनरावांच्या पदरात घालताना डावा हात जरा अडखळला. पण नंतर अक्षर सुधारलं.

महिन्याने पुण्याचं पत्र आलं. आबासाहेबांनी सगळ्या मास्तरांना बसवलं आणि उभ्यानेच वाचायला घेतलं.

"'आमच्याकडे आलेल्या अर्जातील मजकुराची आम्ही समक्ष अंथुर्णे येथे खात्री केली. मजकूर खरा आहे. हौदाच्या मालकीण सरुबाई यांनी सांगितले की सदर मास्तर शेवाळच, शेवाळच म्हणून हटून बसले होते. सबब शोधक म्हणून सरुबाई यांचेच नाव छापत आहोत.'"

मोहनरावांनी मान खाली घातली. त्यांचे डोळे भरून आले होते. नारायणरावांनी ते नीट पाहून घेतलं. सहा वर्षांत त्यांना इतकं बरं वाटलं नव्हतं.

"पुढे वाचा ना, आबासाहेब," ते म्हणाले.

आबासाहेबांनी चष्मा पुसला, नारायणरावांकडे एकदा पाहिलं आणि घसा खाकरला.

"'चित्रकार म्हणून श्री. मोहनराव यांचे नाव कायम आहे. मात्र त्यांनी मोठ्या आदराने आणि आग्रहाने शोधक म्हणून कळवलेले श्री. नारायण विष्णू पुराणिक यांचे नाव यादीतून वगळले आहे.'"