लाल कमान, पांढरी कमान

अमरावतीच्या बेसबॉल मैदानावर विक्रमी फटक्यांच्या कमानी प्रकाशाने आखलेल्या असत. त्यांतली सर्वांत उंच, लाल कमान सुलभा इंगोलेची. तिने उत्तेजक औषध घेतल्याचं उघड झालं होतं, म्हणून समितीने आज ती विझवायचं ठरवलं होतं. शेवटचं पाहायला सुलभा स्वतः आली होती, पण फाटकाबाहेरच थांबली होती.

"विझवाच, मॅडम! लबाडीची आहे ती," सरावाला आलेल्या मुलींतली छोटी ओजस्वी म्हणाली.

"अगं, तिने मारलेला तो चेंडू मीच टाकला होता," प्रशिक्षक निर्मला तायडे हसल्या. "सगळ्यांत जास्त राग मला यायला हवा. पण आधी हे बघा."

त्यांनी कमानी आखणाऱ्या यंत्राला सुलभाच्या रक्ताचे जुने अहवाल दिले. यंत्राने औषधाचा जोर वजा केला आणि लाल कमानीखाली पांढरी कमान उमटली. लाल कमान कुंपणापलीकडे जात होती; ही मात्र कुंपणाच्या आत, गवतावरच उतरली.

"तरी केवढा लांब फटका गं!" ओजस्वी पुटपुटली.

"माझा चेंडू हेरणारी नजर औषधाच्या बाटलीत मिळत नाही, पोरींनो. विक्रम तिच्या नावावर राहणार नाही. पण दोन्ही कमानी राहतील. मी सांगते समितीला."

ते ऐकून फाटक उघडून सुलभा आत आली.

"निर्मले, खालची ती माझी?"

"तुझीच. सगळीच्या सगळी."

"माझं त्यात किती होतं, ते मला कधी कळलंच नव्हतं गं."

पांढरी कमान जिथे गवताला टेकली होती, तिथे जाऊन सुलभा उभी राहिली आणि कितीतरी वेळ वर बघत राहिली.