स्टँड निघालं की

"दाराचं माप घेतलंत ना, अप्पा?"

"सगळ्यात आधी तेच घेतलं," गुंडूराव म्हणाले आणि फळीवर पुन्हा रंधा मारू लागले.

कार्तिक उंबऱ्यातच थांबला. बाहेरच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. सागवानाचे जाड तुकडे, भुसा, फेविकॉलचा डबा. ज्या माणसानं आयुष्यभर पोस्टात शिक्के मारले, घरात एक खिळा ठोकायचा तर शेजाऱ्याला हाक मारली, तो आता फोनवरचे व्हिडिओ बघून सुतारकाम करत होता. कार्तिकला मौजही वाटत होती आणि कुतूहलही.

आई गेल्यापासून तो त्यांच्या मागं लागला होता. शेषाद्रिपुरमचं हे जुनं घर बंद करायचं आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला, सर्जापूर रोडला आपल्याकडं यायचं. सुप्रीतानं सासऱ्यांसाठी खोली रिकामी करून ठेवली होती. मध्यंतरी अप्पा न्हाणीघरात घसरून पडले, तेही कार्तिकला शेजारणीकडून कळलं. त्या दिवसापासून तो रोज सकाळ-संध्याकाळ फोन करायचा.

अप्पा दर वेळी 'बघू' म्हणत. गेल्या महिन्यात मात्र त्यांनी वाद घातला नाही.

"तुझ्या आईचे, तुंगाचे मासे सोडून मी येणार नाही," ते म्हणाले. "टाकी न्यायची, तर खालचं लोखंडी स्टँड गंजलंय. नवं मी करतो. स्टँड दाराबाहेर पडलं, की त्याच्या मागोमाग मी."

कार्तिकनं त्याच दिवशी आपल्या हॉलच्या भिंतीचं माप पाठवलं आणि लाकूड आणून टाकलं.

आता स्टँड जवळजवळ झालं होतं. खोलीच्या मधोमध ते उलटं पडलं होतं, चारी पाय वर.

"स्क्रू कुठं दिसत नाहीत?"

"पाणी लागलं की गंजतात. लाकडी खुंट्या आणि फेविकॉल. एकदा बसलं की सुटत नाही."

"म्हणजे अख्खंच न्यायचं?"

"अख्खंच."

"आणि पुढं ही एवढी फळी? टाकी लांब असली तरी रुंदीला दोनच फूट आहे."

"खाण्याचा डबा ठेवायला. तुझी आई तो जमिनीवर ठेवायची, स्वतःच्याच पायानं सांडायची आणि बोलणी मी खायचो."

कार्तिक हसला. अप्पा एक डोळा मिटून वर आलेल्या पायांकडं बघत होते. बघितलं, कानशीनं घासलं, पुन्हा बघितलं.

"सरळ उभं करून बघू या?"

"जागेवर गेल्यावर उभं करायचं."

"सरी, ठीक आहे," म्हणत कार्तिक कॉटवर बसला. कॉट डुगडुगली. या घराची फरशी मोरीकडं उतरती. आईनं प्रत्येक कपाटाच्या, टेबलाच्या एका पायाखाली जुन्या लग्नपत्रिकेची घडी घातली होती. कार्तिकनं सवयीनं वाकून कॉटखालची घडी आत सरकवली.

"तुझ्या रम्याअक्काच्या लग्नाची आहे ती," अप्पा म्हणाले. "तिचा संसार मोडला. पत्रिका अजून वजन पेलतेय."

रविवारी टेम्पोवाला मंजुनाथ दोन माणसं घेऊन आला. मासे बादलीत घातले, रिकामी टाकी व्हरांड्यात नेली. मग तिघांनी स्टँड उचललं. आडवं केलं, उभं केलं, तिरकं केलं. दर वेळी कुठली तरी कड चौकटीला अडली.

"आगल्ल सार, नाही जात," मंजुनाथनं घाम पुसला. "स्वल्पच अडतंय. तीन बोटं. कापू का?"

"काप की," गुंडूराव म्हणाले. "भरलेली टाकी पाचशे किलोच्या वर जाते. सांधा कापलास तर खाली खांदा देऊन तू उभा राहशील ना?"

मंजुनाथ हसला. कार्तिकला हसू आलं नाही.

"अप्पा, माप घेतलं होतंत ना तुम्ही!"

"घेतलं होतं रे." गुंडूराव बादलीतल्या माशांकडं बघत होते. "वय झालं माझं."

कार्तिकला एकदम वाईट वाटलं. महिनाभर राबले आणि शेवटी हे. तो त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "असू दे. मासे बादलीत किती वेळ राहणार? आज टाकी इथंच भरू. पुढचं पुढं बघू."

स्टँड आत नेऊन, लोखंडी स्टँड होतं त्याच भिंतीला सरळ उभं केलं. मंजुनाथ टाकी आणायला गेला. कार्तिकनं टेबलाच्या खणातून एक जुनी लग्नपत्रिका काढली, तिची घडी केली आणि मोरीकडच्या पायाशी गुडघे टेकून बसला.

घडी आत जाईना. त्यानं ती उलगडली आणि नुसता कागद सरकवून बघितला. तोही जाईना.

त्यानं वाकून चारी पाय नीट निरखले. मोरीकडचा तेवढा एक अर्धं बोट लांब होता.