गाडीशिवाय पाच दिवस

"गाडी नाही म्हणजे?" नवऱ्याने जेवता जेवता विचारलं.

"नाही म्हणजे नाही. विमानतळाबाहेर बस मिळते. पुढचे पाच दिवस सायकलच."

सगळ्यांचे हात ताटातच थांबले. हिवाळ्याच्या सुट्टीचं ठरवणं दरवर्षी तिच्याच गळ्यात पडायचं, आणि कुणी फारसं ऐकून घ्यायचं नाही. बॅगा भरून झाल्या की येऊन गाडीत बसायचे, एवढंच.

ती रक्ततपासणीच्या लॅबमध्ये होती. पहाटे पाचला उठायचं, सगळ्यांचे डबे करून सातला टेबलाशी हजर व्हायचं. दुपारपर्यंत साठ-सत्तर दंडांना पट्टा बांधायचा, शीर शोधायची, "मूठ आवळा, आता सोडा" म्हणायचं. घरी आलं की सासूबाईंचं पथ्य, मुलाचा अभ्यास, मुलीचे रुसवे. गेल्या सुट्टीत नणंदेचं बिऱ्हाड धरून नऊ माणसं होती, दोन गाड्या होत्या आणि भाड्याच्या बंगल्यात ऐसपैस स्वयंपाकघर होतं. सहा दिवसांत तिने समुद्र पाहिला तो खिडकीतून, भांडी विसळताना.

"वाळवंटातल्या शहरात सायकल?" सासूबाई म्हणाल्या. "कुणी सांगितलंय?"

"हिवाळ्यात छान असतं म्हणे. कालव्याच्या काठाने रस्ता आहे, थेट शहराबाहेर जातो. तुमच्यासाठी तीनचाकी मिळेल, मी चौकशी केलीय."

"आणि गुडघे कुणाचे उसने आणू?" सासूबाईंनी ताट सरकवलं. "मी आपली लेकीकडे जाते."

मुलाने मोबाइलमधून मान वर केली. "निघायचं किती वाजता?"

"साडेपाचला. ऊन चढायच्या आत पोचायला हवं. पहाटे गारठा असतो, हातमोजे घेऊ."

"आई, ही सुट्टी आहे की शिक्षा? मी घरीच थांबतो."

मुलीला तिने काट्यांचं सांगितलं. त्या रस्त्यावर काटे फार, दिवसाला दोन पंक्चर धरूनच चालायचं, आणि ज्याचं त्याने काढायचं. मुलीने स्वतःच्या नखांकडे पाहिलं. "मी आजीबरोबर आत्याकडे जाते."

नणंदेचा फोन आला. "वहिनी, गाडी नाही तर सामान ठेवायचं कुठे?"

"पाठीवर."

"अगं बाई!" नणंद म्हणाली, आणि तिची पाठ त्याच क्षणी धरली.

रोज लॅबमधून आल्यावर ती टबात गरम पाणी घ्यायची, सुजलेले पाय त्यात सोडायची आणि मांडीवर नकाशा पसरायची. पाणी कुठे मिळतं, सावली कुठे आहे, कोणत्या दिवशी किती किलोमीटर, सगळं पेन्सिलने मांडायची. पायावर पाय टाकून टीव्ही बघणाऱ्या घराला वाटायचं, हिने काय खूळ डोक्यात घेतलंय.

उरला नवरा. एका रविवारी त्याने शेजाऱ्यांची सायकल मागून आणली आणि मैदानाला चार फेऱ्या मारल्या. आला तेव्हा धापा टाकत होता, पण चेहरा फुलला होता.

"मजा येते गं! मी येतो. आपण दोघंच असे कधी गेलोच नाही."

तिने पाण्यातले पाय बाहेर काढले. टबातलं पाणी गार झालं होतं.

"तिसऱ्या दिवशी बासष्ट किलोमीटर आहेत," ती अखेर म्हणाली. "वारा समोरून."

"मध्ये थांबता येईल ना कुठे?"

"मध्ये काही नाहीच. नुसती वाळू."

तो पोटऱ्या चोळत बसला. दोन दिवसांनी ऑफिसमधून आला तो नजर चुकवतच. "रजेचं काही जमेना बघ. पण तू जा. एवढी तयारी केलीयस, तू मागे राहायचं नाही."

"एकटीने?"

"जा गं. एवढी हौस आहे तुझी."

तिने मान खाली घालून नकाशाची घडी केली.

ती निघाली त्या दिवशी सगळे दारापर्यंत आले. जरा अपराधी वाटत असावं. मुलाने न सांगता तिची बॅग खाली नेली. नवरा दहा वेळा म्हणाला, "जपून चालव."

वाळवंटातल्या त्या शहरात ती संध्याकाळी पोचली. बसथांब्याजवळच एका निवृत्त पोस्टमास्तरीणबाईंनी खोली भाड्याने दिली होती. खाट, जाड पांघरूण, उन्हाकडे तोंड केलेली खिडकी. तिने चपला काढल्या आणि तशीच आडवी झाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी बारा वाजता बाईंनी दार वाजवलं.

"अहो, उठलात का? तुमच्या घरच्यांनी फोन करून परस्पर सायकल मागवलीय, नवीकोरी. दुकानदार खाली उभा आहे. सीट किती उंच करू विचारतोय."

तिने पांघरूण हनुवटीपर्यंत ओढलं.

"परत न्यायला सांगा त्यांना. मला सायकल येत नाही."

बाई दाराच्या चौकटीला टेकल्या. "आणि घरी कुणालाच माहीत नाही?"

"बावीस वर्षांत कुणी विचारलंच नाही," ती म्हणाली आणि कूस बदलली.