ठेवू का?

उत्कर्षाने इंग्रजी निबंध वाचायला घेतला आणि दम टाकला तो थेट शेवटच्या शब्दावर. "माय फादर लिव्ह्ज इन भिवंडी ही वर्क्स ऑन लूम अँड ही कम्स इन गड्डा यात्रा अँड वुई ईट भजी अँड ही गोज..." भवानी पेठेतल्या त्या शिकवणीच्या खोलीत बाकीची पोरं तोंडं दाबून हसली.

सिद्धेश्वरी टीचरलाही हसू येत होतं, पण पोर रडवेली झालेली पाहून तिने ते गिळलं आणि उत्कर्षाला जवळ ओढलं. "अगं, ही पाच वाक्यं हायत. दोन जोडायला एक 'अँड' चालतो. सगळ्या घराचे कपडे एकाच दोरीवर टाकलं तर दोरी तुटंल की. एक गोष्ट झाली, फुलस्टॉप. मग पुढची. कुठं थांबायचं, कळतंय का?"

"कळतंय की, टीचर."

"मग थांबत का न्हाईस?"

उत्कर्षा फरशीकडे बघत म्हणाली, "सवय झालीया. फोनवर थांबलं की अप्पा म्हणतात, बरं, ठेवू का?"

सिद्धेश्वरीने हातातली निबंधाची वही मिटली.

रात्रपाळी लागण्याआधी कारखान्याच्या दारातूनच अप्पा रोज याच वेळी फोन करायचे. आई घरी मशीनवर टॉवेल शिवायची, त्या आवाजात तिला रिंग ऐकू यायची नाही, म्हणून मोबाइल पोरीच्या दप्तरात. तो वाजलाच.

"आज एकच गोष्ट सांग," सिद्धेश्वरी म्हणाली. "मग त्यांना कायतरी विचार, आन् गप ऱ्हा."

"आन् ठेवला तर?"

"तर मी परत लावून देते."

त्या फोनचा स्पीकरच तेवढा चालायचा. "अप्पा, मला गणितात पैकीच्या पैकी पडले. तुमी जेवलाव का?" एवढं बोलून उत्कर्षाने डोळे गच्च मिटले.

पलीकडे नुसता यंत्रमागांचा खडखडाट.

"जेवलो की," अप्पा म्हणाले. पुन्हा खडखडाट. उत्कर्षा बोलणार, तोच सिद्धेश्वरीने तिचा हात दाबला.

"पिठलं केलतं, ते खाली लागलं, आन् भाकरी तर विचारूच नको, उचलाय गेलं की तुटतीया आन् खोलीतले समदे हसत्यात, आन् तुझ्यासाठी पिवळा फ्रॉक बघून ठिवलाय, आन् शेटला सुट्टी मागितलीया, आन् तुझी लई याद येती गं पोरी, आन्..."

मागून कुणीतरी पाळी लागली म्हणून हाक मारली. अप्पा बोलतच होते.