दहा मिनिटं पुढे

"आधी बॅटरीची वायर काढतो वहिनी, नाहीतर स्टार्टर खोलताना ठिणगी उडायची," साळोखे मिस्त्री म्हणाले. कुमुदताईंनी मान हलवली.

स्टार्टर बदलून झाला. चावी फिरवताच गाडी सुरू झाली. मिस्त्री समाधानाने म्हणाले, "वायर काढल्यामुळे गाडीतलं घड्याळ शून्यावर गेलं होतं. आधी दहा मिनिटं पुढे पळत होतं, आता मोबाईल बघून अगदी बरोबर लावलंय."

कुमुदताई घड्याळाकडे बघत राहिल्या. त्यांना तयार व्हायला उशीर होतो म्हणून नवऱ्याने ते मुद्दाम पुढे लावलं होतं. तो गेला, तरी त्यांनी ते तसंच ठेवलं होतं.

"काही चुकलं का वहिनी? पुन्हा पुढे करू?"

"राहू दे," त्या म्हणाल्या. "आता खाली हॉर्न वाजवत कोण थांबलंय?"